कोपर दुखतंय? चोळण्याआधी हे वाचा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपली जीभ आपल्याच कोपरापर्यंत पोचत नाही, म्हणून 'कोपराला गूळ लावणे' हा वाक्प्रचार आला. दुसरा हात मात्र पोचतो, आणि बहुतेक वेळा तेल घेऊनच पोचतो. कोपर दुखलं की चोळायचं, रगडायचं, 'नस बसवून' घ्यायची, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलंय की खाली पुन्हा पुन्हा तोच मुद्दा आला तर कंटाळू नका. कोपर हा चोळून घेणारा सांधा नाही.

आणखी एक. काही गावांत ढोपर म्हणजे गुडघा, काही गावांत हाताचं ढोपर. इथे सगळीकडे हाताचंच कोपर समजावं.

कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं. चहाचा कप उचलला, किल्ली फिरवली तरी कळ येते. हे काय असेल?

बहुधा टेनिस एल्बो. मोठ्या माणसांत कोपर दुखण्याचं हे सगळ्यात नेहमीचं कारण, आणि साधारण ३५ ते ५५ या वयात जास्त. मनगट आणि बोटं वर उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाच्या उंचवट्याला एका जाड दोरीसारख्या कंडरेने बांधलेले असतात. डॉक्टर तिला टेंडन म्हणतात. दुखणं असतं त्या दोरीचं, सांध्याचं नव्हे. म्हणून कोपर नुसतं वाकवलं-सरळ केलं तर फारसं दुखत नाही, पण काहीतरी मुठीत धरलं की दुखतं. पेशंट सांगतात, 'कोपरात कळ येते', आणि बोट मात्र नेमकं त्या उंचवट्याच्या जरा पुढे ठेवतात. निदान अर्धं तिथेच झालेलं असतं.

पण मी आयुष्यात टेनिसची रॅकेट धरलेली नाही.

टेनिस एल्बो होणाऱ्या बहुतेकांनी धरलेली नसते. हे नाव १८८०च्या दशकात इंग्लंडमध्ये लॉन टेनिस फॅशनमध्ये असताना पडलं. त्याच्याही आधी, १८७३ मध्ये, एका जर्मन डॉक्टरांनी याच दुखण्याचं वर्णन केलं होतं, ते लिहून लिहून हात दुखणाऱ्या माणसांच्या संदर्भात. नाव त्या लिहिण्यावरून पडलं असतं तर आपल्याकडे निम्मा गोंधळ वाचला असता.

आपल्याकडे हे दुखणं येतं ओलं धुणं पिळण्यातून, कणीक मळण्यातून, नारळ खोवण्यातून, भरलेली कढई एका हाताने उतरवण्यातून. सुताराला स्क्रू पिळून, प्लंबरला पान्हा फिरवून, रंगाऱ्याला ब्रश धरून, उसाच्या फडात कोयता चालवून. ऑफिसात माउस लांब ठेवून मनगट दिवसभर वर उचललेलं असतं, त्यातूनही. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात अशी कोपरं घेऊन येणाऱ्या बायका हमखास असतात. वर्षभर न वापरलेला सोऱ्या सलग दोन दिवस दाबायचा, वर घरभर साफसफाई, पडदे धुणं. तीच कामं रोज थोडी थोडी केली असती तर कंडरेने तक्रार केली नसती. अचानक वाढलेला भार हीच खरी मेख.

म्हणजे आत सूज आली आहे का?

जुन्या पुस्तकांत तसं म्हटलं जायचं, म्हणून डॉक्टरी इंग्रजी नावाच्या, 'लॅटरल एपिकॉन्डिलायटिस'च्या, शेवटी सूज दाखवणारा '-आयटिस' हा प्रत्यय आहे. प्रत्यक्षात जुनाट टेनिस एल्बोची कंडरा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तर नेहमीची दाहाची चिन्हं फारशी दिसत नाहीत. दिसतात ते विस्कटलेले तंतू आणि अर्धवट राहिलेली डागडुजी. सुंभ उसवत जावा तसं. हे लक्षात ठेवायचं कारण एवढंच, की सूज उतरवणाऱ्या गोळ्यांनी दुखणं काही दिवस दबतं, पण उसवलेला सुंभ वळला जात नाही. तो वळला जातो हळूहळू वाढवलेल्या कामाने.

घरी खात्री कशी करायची?

हात कोपरात सरळ ठेवा, तळवा खाली, मूठ वळा आणि मनगट वर उचला. दुसऱ्या हाताने ते खाली दाबा. बाहेरच्या उंचवट्यापाशी कळ आली तर शंका पक्की होते. दुसरी खूण म्हणजे खुर्ची. पाठीला धरून, तळवा खाली ठेवून, सरळ हाताने हलकी प्लास्टिकची खुर्ची उचलून बघा. हीच खुर्ची तळवा वर ठेवून, कोपर अंगाजवळ वाकवून उचलली तर त्रास कमी होतो. हा फरक नुसता निदानासाठी नाही, रोजच्या कामासाठी सुद्धा आहे : पुढचे काही आठवडे जे काही उचलायचं ते तळवा वर आणि कोपर अंगाशी ठेवून.

एक्स-रे, एमआरआय काढू का?

सरळसरळ टेनिस एल्बो असेल तर गरज नाही. एक्स-रेमध्ये कंडरा दिसतच नाही. मार लागला असेल, सांधा पूर्ण उघडत-मिटत नसेल किंवा तीन-चार महिने नीट उपचार करूनही फरक नसेल, तेव्हा तपासण्यांना अर्थ आहे. एमआरआयमध्ये अजिबात न दुखणाऱ्या कोपराच्या कंडरेतही बदल दिसू शकतात, आणि मग रिपोर्ट वाचून माणूस जास्त घाबरतो.

किती दिवसांत बरं होईल?

दिवसांत नाही, महिन्यांत. दहापैकी आठ-नऊ जणांचं दुखणं वर्षभरात शस्त्रक्रियेशिवाय जातं, पण मध्ये चढउतार असतात. 'मागच्या आठवड्यात बरं होतं, परत सुरू झालं' हे वाक्य इतक्यांदा ऐकू येतं की ते बरं होण्याचाच भाग समजावं.

मग हात पूर्ण बांधून ठेवू का?

नको. पूर्ण आरामाने कंडरा आणखी अशक्त होते. पहिले दोन-तीन आठवडे ज्या एक-दोन कामांनी जास्त दुखतं ती टाळा किंवा बदला. धुणं पिळण्याऐवजी निथळत ठेवा, भरलेली बादली दोन खेपांत न्या, कढई दोन्ही हातांनी धरा. बाकी हात वापरत राहा.

व्यायाम नेमका कोणता?

यासाठी जिममध्ये जायची गरज नाही, अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली पुरते. भरलेली बाटली म्हणजे अर्धा किलो.

सुरुवातीला, दुखणं तीव्र असताना, नुसतं धरायचं. हाताचा पुढचा भाग टेबलावर टेकवा, मनगट काठाबाहेर, तळवा खाली. बाटली धरून मनगट सरळ रेषेत ३० ते ४५ सेकंद स्थिर ठेवा. पाच वेळा, मध्ये मिनिटभर विश्रांती. अनेकांना या नुसत्या धरण्यानेच दुखणं थोडं उतरल्यासारखं वाटतं.

आठ-दहा दिवसांनी पुढची पायरी. त्याच बैठकीत, दुसऱ्या हाताच्या मदतीने मनगट वर आणा, मदत सोडा, आणि चार-पाच आकडे मोजत बाटली सावकाश खाली जाऊ द्या. जोर खाली सोडण्यात आहे, वर उचलण्यात नाही. १५ वेळा, असे तीन फेरे. भरलेली बाटली जड वाटली तर पाणी कमी करा. पंधरा सोपे वाटू लागले की पाणी वाढवा, मग लिटरची बाटली घ्या. जोडीला गुंडाळलेला कोरडा टॉवेल दोन्ही हातांनी हळू पिळणं आणि हळू सोडणं, आणि खांद्यामागच्या स्नायूंचे व्यायाम. खांदा ढिला असला की कोपराला त्याचं काम करावं लागतं.

व्यायाम करताना थोडं दुखेल. शून्य ते दहाच्या मापात तीन-चारपर्यंत चालेल, आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते पूर्वपदावर आलं पाहिजे. आलं नाही तर भार कमी करा, व्यायाम सोडू नका. सहा ते बारा आठवडे धरून चाला. बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यात सोडतात. तेव्हा ना धड दुखत असतं, ना धड बरं असतं.

मेडिकलमधून पट्टा आणलाय, पण फरक नाही.

कुठे बांधलाय ते आधी बघा. बहुतेकजण सांध्यावरच बांधतात. टेनिस एल्बोचा अरुंद पट्टा दुखऱ्या जागेच्या दोन बोटं खाली, हाताच्या मांसल भागावर बांधायचा असतो, आणि तोही जड काम करतानाच. बोटांना मुंग्या आल्या तर ढिला करा. झोपताना काढून ठेवा.

बर्फ की शेक? गोळ्या घेऊ का?

ज्याने बरं वाटतं ते. बर्फ लावायचा तर कापडात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं. दोन्हींनी कंडरा बरी होत नाही, फक्त बरं वाटतं, आणि तेही कमी नाही. डायक्लोफेनॅकसारखं मलम हलक्या हाताने लावायला हरकत नाही. पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या आठवडाभराच्या पुढे स्वतःच्या मनाने नकोत. अल्सर, किडनीचा त्रास, रक्तदाब किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर एकही गोळी विचारल्याशिवाय नको.

'एक इंजेक्शन घ्या, दोन दिवसांत बरं' असं सांगितलंय. घेऊ?

स्टिरॉइडच्या इंजेक्शनने दुखणं झटकन जातं, ही गोष्ट खरी आहे. पहिले पाच-सहा आठवडे इंजेक्शन घेतलेला माणूस बाकीच्यांपेक्षा मजेत असतो. पण वर्षभराने तुलना केली तर चित्र उलटतं : इंजेक्शन घेतलेल्यांत दुखणं परत येण्याचं प्रमाण जास्त, आणि नुसते थांबलेले किंवा व्यायाम केलेले पुढे गेलेले. दुखणं गेलं म्हणून माणूस लगेच पोती उचलतो, हेही एक कारण. वारंवार घेतल्याने त्या जागची कातडी पातळ आणि पांढुरकी होते, कंडरा कमजोर होते. मधुमेह असेल तर साखर काही दिवस चढते. माझं मत विचाराल तर टेनिस एल्बोला हे इंजेक्शन शक्यतो नकोच, आणि तिसरं-चौथं तर मुळीच नको.

स्वतःचंच रक्त काढून, त्यातल्या प्लेटलेट वेगळ्या करून टोचतात त्या पीआरपीबद्दल हल्ली बरंच विचारलं जातं. त्याच्या फायद्याचा पुरावा खर्चाच्या मानाने कच्चा आहे. आधी तीन महिने मन लावून व्यायाम, मग त्याचा विचार.

सचिनचं तर ऑपरेशन झालं होतं. मलाही लागेल का?

आपल्या घराघरात टेनिस एल्बो हा शब्द सचिन तेंडुलकरमुळेच पोचला. २००४ मध्ये या दुखण्याने तो मैदानाबाहेर बसला, मे २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली आणि ऑक्टोबरमध्ये नागपूरला श्रीलंकेविरुद्ध ९३ धावा काढून तो परतला. पण जड बॅटने वेगवान चेंडू रोज शेकड्यांनी खेळणाऱ्या हाताचा आणि आपला हिशेब वेगळा. शस्त्रक्रिया फार थोड्यांना लागते, तीही सहा महिने ते वर्षभर बाकीचे उपचार नीट करून झाल्यावर. 'नीट' हा शब्द महत्त्वाचा.

माझं आतल्या बाजूला दुखतं.

मनगट आत वळवणाऱ्या आणि मूठ घट्ट करणाऱ्या स्नायूंची कंडरा आतल्या उंचवट्याला बांधलेली असते. ती दुखली की नाव गोल्फर्स एल्बो, गोल्फ खेळत नसलात तरी. उपचार तेच, फक्त बाटलीचा व्यायाम तळवा वर ठेवून. याच्या शेजारूनच एक महत्त्वाची नस जाते, म्हणून आतल्या बाजूच्या दुखण्यात बोटांकडे लक्ष ठेवा.

करंगळी आणि तिच्या शेजारचं अर्धं बोट बधिर होतं, मुंग्या येतात.

कोपर दाराच्या चौकटीवर आपटलं की करंगळीपर्यंत वीज जाते, ती हीच अल्नर नस. कोपराच्या आतल्या बाजूला ती हाडाच्या खोबणीतून, अगदी कातडीखालून जाते. कोपर वाकवून ठेवलं की ती ताणली जाते. उशीखाली हात दुमडून झोपणारे आणि तासभर फोन कानाला लावून बसणारे यात येतात. रात्री कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळा, म्हणजे झोपेत हात फार दुमडला जाणार नाही. फोन स्पीकरवर. टेबलावर कोपर टेकवू नका. महिना-दीड महिन्यात उतार नसेल, पकड कमी होत असेल किंवा अंगठा आणि तर्जनीमधला हाताच्या पाठीवरचा मांसल भाग बसत असेल, तर वेळ घालवू नका. बसलेला स्नायू परत भरून येईलच असं नसतं.

इथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण ती लोक लपवतात. कोपरामागे ही नस दोरीसारखी जाड लागत असेल आणि अंगावर कुठे फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा असेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. विदर्भातल्या काही जिल्ह्यांत हा आजार अजून सापडतो. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं, प्रकाराप्रमाणे ६ किंवा १२ महिन्यांचा कोर्स असतो आणि आजार पूर्ण बरा होतो. उशीर झाला तर मात्र बोटं वाकडी होतात.

कोपराच्या टोकावर लिंबाएवढी मऊ गाठ आली आहे.

हाड आणि कातडी यांच्यामध्ये पाण्याची पातळ पिशवी असते, ती भरते. गल्ल्यावर कोपर टेकून बसणारे दुकानदार, खिडकीवर कोपर ठेवून गाडी हाकणारे ट्रकचालक, परीक्षेच्या काळातली मुलं. दुखत नसेल तर टेकणं बंद करा, खाली मऊ काही ठेवा, काही आठवड्यांत ओसरते. सारखं सुईने पाणी काढू नका, त्यातून जंतू आत जातात. गाठ लाल, गरम, ठणकणारी झाली किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर. युरिक ॲसिड वाढलेल्यांनाही अशी गाठ अचानक पेटते.

पडल्यावर कोपर सुजलंय. गावातल्या हाडवैद्याकडून चोळून, बांधून घेतलं तर?

नाही. या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

कोपराभोवतालच्या स्नायूंना एक वाईट खोड आहे. मार लागल्यावर त्यांना रगडलं, सांधा जोर लावून वाकवला, तर मांसातच हाड तयार होऊ लागतं. सुरुवातीला वाटतं मालिश चालू आहे, सुटेल. महिना-दोन महिन्यांत कोपर एका कोनात अडकतं, हात तोंडापर्यंत जात नाही. मूळचं फ्रॅक्चर कदाचित साधं असतं, हात जन्माचा जातो मालिशने.

मुलांमध्ये धोका वेगळा आणि मोठा. साधारण पाच ते सात वर्षांचं मूल झाडावरून, झोक्यावरून, कठड्यावरून हातावर पडतं आणि कोपराच्या जरा वर हाड मोडतं. तिथूनच हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. वर बांबूच्या पट्ट्या लावून करकचून बांधलं तर रक्त अडतं, आणि सहा-एक तासांत स्नायू मरायला लागतात. त्यानंतर हाताचा पंजा पक्ष्याच्या नखांसारखा आत वळून राहतो. हे पुस्तकात वाचलेलं नाही, असे हात मी हातात घेतले आहेत. बांधणाऱ्याचा हेतू प्रत्येक वेळी चांगलाच होता.

म्हणून : हात जसा आहे तसाच ठेवा, सरळ करू नका, वाकवू नका. वर्तमानपत्राची घडी किंवा पुठ्ठा आधाराला लावून ओढणीने सैलसर झोळी करा. अंगठी, बांगडी, कडं लगेच काढा. शस्त्रक्रिया लागू शकते, म्हणून खायला-प्यायला देऊ नका. बोटं गार, पांढरी किंवा निळसर झाली, बोटं सरळ करताना मूल किंचाळलं, दुखणं वाढतच चाललं, तर तालुक्याच्या ठिकाणी थांबून विचार करत बसू नका. प्लास्टर घातल्यानंतरही हीच लक्षणं दिसली तर रात्री दोन वाजता का असेना, परत जा.

लहान मुलीला हाताला धरून उचललं, तेव्हापासून ती हात हलवतच नाही.

एक ते चार वर्षांच्या मुलांत मनगटाला धरून ओढलं, हात धरून गोल फिरवलं की कोपरातल्या बारीक हाडाचं डोकं त्याच्या कड्यातून किंचित सरकतं. मूल हात अंगाशी लोंबता ठेवतं, सूज दिसत नाही, हात लावला की रडतं. जाणकार डॉक्टर काही सेकंदांत ते बसवतात आणि दहा-पंधरा मिनिटांत मूल त्याच हाताने बिस्किट मागतं. मात्र मूल पडलं असेल किंवा सूज असेल तर आधी एक्स-रे. आजी-आजोबा यात स्वतःला फार दोष देतात. देऊ नका. पुढच्या वेळी काखेत धरून उचला.

प्लास्टर काढलं, आता हात पूर्ण सरळ होत नाही.

कोपर लवकर आखडतं. तीन आठवड्यांपेक्षा जास्त बांधून ठेवलं की हमखास. स्वतःच्या ताकदीने, दिवसातून पाच-सहा वेळा, थोडं थोडं वाकवा-सरळ करा. दुसऱ्याने जोर लावून ओढायचं नाही, भरलेली बादली लटकवून हात ताणायचा नाही. रोजच्या बहुतेक कामांना साधारण ३० ते १३० अंशांमधली हालचाल पुरते, त्यामुळे शेवटचे दहा अंश आले नाहीत म्हणून झुरू नका.

सिलिंडर उचलताना कोपरापुढे 'कट्' झालं आणि दंडाचा बेडूक वर सरकला.

दंडाच्या त्या स्नायूची खालची, कोपराकडची कंडरा तुटली असण्याची शक्यता मोठी. यात थांबून बघायचं नसतं. हाडाच्या डॉक्टरांकडे याच आठवड्यात जा. दोन-तीन आठवडे उलटले की ती परत जोडणं अवघड होत जातं.

सगळं करून झालं, कोपर दुखतंच.

मग कोपर निर्दोष असू शकतं. मानेतली नस दबली की दुखणं कोपराच्या बाहेरून पंजापर्यंत उतरतं. मान वळवल्यावर वाढतं का ते बघा. दोन्ही कोपरं, बोटं सकाळी तासभर ताठ राहत असतील तर संधिवाताची रक्ततपासणी हवी. एकाच कोपराला अनेक आठवडे सूज, दंड-हात वाळत चाललाय, संध्याकाळी बारीक ताप, वजन घटतंय, तर सांध्याचा क्षय डोक्यात ठेवा. तो फुप्फुसातच होतो असं नाही. आणि डाव्या हातात दुखणं, छातीवर दाब, घाम, मळमळ असेल तर कोपर विसरा, १०८ लावा.

भाकरी थापणं बंद करू का?

थापण्याने फारसं बिघडत नाही, तिथे हात उघडा असतो. बिघडतं ते घट्ट पीठ मळण्याने आणि जड तवा एका हाताने उचलण्याने. पीठ गरम पाण्यात जरा सैल भिजवा, परात ओट्याऐवजी खाली घ्या म्हणजे खांद्याचं वजन कामाला येतं, मळणं दोन हप्त्यांत करा. घरात दुसरे धडधाकट हात असतील तर मळायचं काम सहा आठवडे त्यांच्याकडे द्या. फराळाचंही तेच : चकलीचं पीठ एका दिवशी, सोऱ्या दुसऱ्या दिवशी आणि दाबायला आळीपाळीने दोघं.